सहा महिन्यांचा ताप

९ जानेवारी

ताई,

आज सहा महिने पूर्ण झाले. तारखेभोवती मी लाल पेनने गोल करून ठेवला होता, कारण तुझं वाक्य मी विसरलेली नाही. "हा अंगातला ताप आहे. सहा महिन्यांत उतरेल, मग येशील रडत." एवढं बोलून तू दार लावून घेतलंस आणि तेव्हापासून माझा फोन उचलत नाहीस. पत्र निदान फाडायला तरी हातात घ्यावं लागतं, म्हणून हे पत्र.

तर कळवायचं म्हणजे, मी रडत नाहीये. तू ज्याला "तो ग्रीसवाला" म्हणालीस तो माझ्या घरात राहतो, माझ्या कपाटाचे दोन खण त्याने बळकावलेत, आणि नोंदणी कार्यालयात आम्ही लग्नाची नोटीस दिलीय. तू ठेवलेलं नाव मी त्याला सांगितलं. त्याला ते इतकं आवडलं की आता फोन केला की म्हणतो, "ग्रीसवाला बोलतोय, दूध आणायचंय का?"

मला माहीतच आहे तू त्या दिवशी काय पाहिलंस. माझ्या कानापर्यंत येणारा, डोक्यावर मोजके केस असलेला, लिफ्ट दुरुस्त करणारा माणूस, आणि त्याची काळी नखं. मी काय पाहिलं ते तू विचारलंच नाहीस. पाहिलं म्हणजे, खरं तर हुंगलं. माझा धंदाच तो. दहा वर्षं साबणाच्या कारखान्यात वास तपासते आहे. माझ्या दिवसातल्या प्रत्येक वासाला नंबर असतो. जूनमध्ये कारखान्याची सामानाची लिफ्ट दोन मजल्यांच्या मधे अडकली आणि मी नमुन्यांचा ट्रे घेऊन आत. याने वरून दार उघडलं, पालथा पडून हात खाली सोडला आणि मला वर ओढलं. ग्रीस, तापलेलं लोखंड, उन्हात वाळलेला शर्ट आणि घाम. या वासाला नंबर नव्हता. मी तपासणी खोलीत परत गेले आणि बारापैकी अकरा नमुने चुकवले. मोठ्या बाईंनी (आमच्या खोलीच्या मुख्य, तीस वर्षांचं नाक) मला घरी पाठवून दिलं.

पुढचंही लिहिते, तुला वाचताना अवघडल्यासारखं होईल म्हणून मुद्दाम लिहिते. तो जिना चढायला लागला की मला दाराआडून कळायचं. गुडघे पाण्याचे व्हायचे. गॅसवर ठेवलेलं दूध उतू जायचं आणि आम्हाला पत्ता नसायचा. चौतिसाव्या वर्षी, ताई. मला वाटलं होतं हे सगळं इतरांसाठी असतं.

आजही सगळं तसंच आहे. मी त्याच्याकडे बघते आणि सगळं तसंच आहे. तुझं भाकीत खोटं ठरलंय, सगळं अगदी तसंच आहे.

तुझे गुडघे कसे आहेत? दुखत असतील तर शेकत जा, नुसती सोसत बसू नकोस.

धाकटी


२७ जानेवारी

ताई,

सहा महिन्यांनी तुझं पहिलं पत्र आलं. एका कार्डावर एक ओळ. "सगळं तसंच आहे असं तीनदा लिहिलंयस."

आई गेल्यावर माझी वेणी घालता घालता तू मला खोटं बोलताना पकडायचीस, तेव्हाही असाच चिमटा काढायचीस. तेव्हा रडायला यायचं. आता राग येतो.

हो. कमी झालंय. घे. फ्रेम करून भिंतीवर लाव.

नोव्हेंबरपासून कमी होत गेलं. एका दिवसात गेलं असतं तर कळलं तरी असतं. आता तो आलाय हे बेल वाजल्यावर कळतं. गेल्या रविवारी तो उघड्या अंगाने खिडकीत बसून नखं घासत होता आणि मी त्याच्या डोक्यावर छताला लागलेलं कोळिष्टक बघत होते. याच पाठीसाठी ऑगस्टमध्ये मी कामावर दोनदा खोटं सांगितलं होतं. आता कोळिष्टक! मी सगळे उपाय करून पाहिले. नवी चादर आणली. निळा झगा घातला, त्याने कौतुक केलं, मी आभार मानले. आभार, ताई! भिंतीला पाठ लावून त्याच्याकडे एकटक बघत बसले तर त्याने विचारलं, "माझ्या तोंडाला काही लागलंय का?"

त्यालाही काहीतरी कळलं असावं. हल्ली अर्धा अर्धा तास अंघोळ करतो, ब्रशने नखं पांढरी करतो, शर्टाला इस्त्री करतो. आणि जितका तो नीटनेटका होतो तितका मला दिसेनासा होतो. माणूस वाईट झाला असता तर सोपं होतं. तो आहे तसाच भला आहे, हसवतोही. फक्त मला काही होत नाही.

आता तू म्हणशील, सांगितलं नव्हतं? सांगितलं होतंस. पण ते तुला इतकं पक्कं कुठून माहीत होतं, तेही मला माहीत आहे. मी बारा वर्षांची होते म्हणजे आंधळी नव्हते. तलावावर पोहायला शिकवायचा तो. तू तीन वेळा पोहायला शिकलीस. पाचव्या महिन्यात एका दुपारी घरी आलीस आणि ओले केस पुसत मला म्हणालीस, "संपलं गं. त्याला बघून आता काहीच होत नाही." पुढच्या वर्षी तू भावोजींशी लग्न केलंस. भावोजी चांगलेच आहेत, त्यांच्याबद्दल मी एक शब्द बोलत नाही. पण तुमच्या घरात मी वीस वर्षं जेवते आहे, आणि त्या टेबलावर "मीठ दे" याच्यापुढे बोलणं गेलेलं मी ऐकलेलं नाही.

तुझा निर्णय तू घेतलास. माझा मला घेऊ दे. लग्नाची तारीख एकवीस मार्च आहे. त्याला मी अजून काही सांगितलेलं नाही. मनात नसताना सही करायची नाही, एवढं ठरवलंय. आणि रडत तर येणारच नाही.

धाकटी


१६ फेब्रुवारी, जेवणाची सुट्टी

ताई,

परवा सांगितलं. जेवताना सांगायला नको होतं, पण तोंडून निघून गेलं. "मला तुझ्याबद्दल पूर्वीसारखं वाटत नाही. अंगाने, म्हणजे. बाकी सगळं वाटतं."

त्याने घास खाली ठेवला आणि विचारलं, "कधीपासून?"

ताई, हा प्रश्न तो इमारतींच्या रखवालदारांना विचारतो. आवाज कधीपासून येतोय? मी पण रखवालदारासारखीच उभी राहून म्हटलं, "नोव्हेंबरपासून."

त्याने विचार केला. "वर जाताना की खाली येताना?" असं म्हणून हसायला बघितलं, पण ते जमलं नाही त्याला. मग म्हणाला, "मी काही दिवस आत्याकडे राहतो. चालू ठेवून खडखड ऐकत बसण्यापेक्षा बंद ठेवून बघू." पिशवी भरली आणि गेला. भांडी मात्र घासून गेला. भांडणात भांडी घासणाऱ्या माणसाशी भांडावं तरी कसं?

घर रिकामं झालं. मोकळं वाटेल असं वाटलं होतं. तसं काही वाटलं नाही.

काल तो घराची किल्ली द्यायला कारखान्याच्या फाटकाशी आला. मी आणि मोठ्या बाई बाहेर पडत होतो. तो तीन हातांवर असतानाच बाईंनी नाक वर केलं आणि म्हणाल्या, "अगं, याने सतरा नंबर लावलाय."

मी म्हटलं, "कुठे?"

"कुठे काय कुठे? डोक्यापासून पायापर्यंत! तुला येत नाही?"

मला येत नव्हता. मी पुढे होऊन त्याच्या खांद्याला नाक लावलं, फाटकावरच्या सगळ्यांसमोर. काहीच नाही. कोऱ्या कागदाचा येतो तेवढा वास.

तुला नीट सांगायला हवं. एकच वास फार वेळ घेतला की, घसा बसतो तसं आमचं नाक बसतं. तो वास समोर असूनही येत नाही. म्हणून दर पाच नमुन्यांनंतर आम्ही खिडकीपाशी जातो, स्वतःच्या कोपराच्या आतल्या बाजूला नाक लावतो आणि मग परत येतो. कारखान्याचा साबण आमच्यापैकी कुणी घरी वापरत नाही. मी बिनवासाची वडी वापरते. नमुना क्रमांक सतरा मी नोव्हेंबरपासून रोज तपासते आहे. तो माझ्या केसांत आहे, ओढणीत आहे, माझ्या नाकाला तो मेला आहे. त्याच्या चोवीस वड्या घरी न्हाणीघराच्या फळीवर ठेवल्या होत्या, दमट हवेत कशा टिकतात ते बघायला. आणि एकदा बोलून गेले होते, "आतापर्यंतच्या सगळ्यांत सतरा छान झालाय."

तो मान खाली घालून म्हणाला, "तुला आवडतो म्हणालीस ना. मी दोन वेळा अंघोळीला वापरतो. शर्टही त्यातच धुतो."

मोठ्या बाई तीस वर्षांत हसल्या नसतील तेवढ्या हसल्या. मी नाही हसले. मी विचारलं, "पण का? मी कधी म्हटलं का तुला, वास येतो म्हणून?"

"तू नाही. ताई म्हणाल्या होत्या. दारात. 'तुमच्या हाताला वास येतो.' लग्न ठरलं, म्हटलं आता कधी ना कधी परत त्या दारात जावं लागेल."

वाचलंस? परत वाच. तो तुझ्या दारात उभं राहण्यासाठी तीन महिने स्वतःला घासत होता, आणि घासता घासता माझ्यापुरता पुसला गेला. तू ताप उतरेल म्हणालीस आणि उतरवलासही तूच!

इतकी चिडलेय की पेन कागदात रुततंय. किल्ली मी घेतली नाही.

धाकटी


१० मार्च

ताई,

मागचं पत्र रागात लिहिलं, ते परत घेत नाही. पण त्यातली एक गोष्ट खोटी ठरली, आणि खोटं तू पकडण्याआधी मीच सांगते.

यंत्रांच्या देखभालीसाठी कारखाना आठ दिवस बंद होता. माझं नाक मोकळं झालं. सतराच्या वड्या मी मोठ्या बाईंच्या घरी पोचवल्या. तो परत आला, बिनवासाच्या वडीने अंघोळ करून कामावर गेला, आणि संध्याकाळी पहिल्यासारखा जिना चढून वर आला. ग्रीस, लोखंड, घाम. दाराआडून आला वास. मी दार उघडलं आणि वाट बघत राहिले.

गुडघे जागच्या जागी होते.

वास ओळखीचा होता, बरा वाटला, खूप दिवसांनी जुन्या शाळेवरून जावं तसं वाटलं. बस. मला वाटलं होतं सगळा घोटाळा साबणाचा आहे, साबण गेला की जून परत येईल. नाही आला जून. मी न्हाणीघरात जाऊन रडले. एकदाच रडले, आणि तुझ्याकडे येऊन नाही, तेव्हा ते धरू नकोस.

त्याला सांगितलं. या वेळी जेवण झाल्यावर. तो म्हणाला, "बरं. मग एकवीस तारखेचं काय करायचं?" मी म्हटलं, थांब.

मग गुरुवार आला. दुपारचे तीन वाजले होते. तो चष्मा लावून जमिनीवर बसला होता, मांडीवर कुठल्याशा जुन्या लिफ्टचं माहितीपुस्तक, आणि पुस्तकाला रागावत होता. "असं कसं? मागच्या पानावर डावीकडे म्हणालास आणि आता उजवीकडे म्हणतोस?" पुस्तकाला, ताई. अगदी मनापासून. मी बादलीतून कपडे काढून दोरीवर टाकत होते. माझा हात थांबला. मला तो हवासा वाटला. तो पुस्तकावर चिडलेला माणूस, तो चष्मा, तो मानेवरचा खड्डा, सगळंच्या सगळं. मी त्याला हाक मारली तर म्हणाला, "एक मिनिट, हा खोटं बोलतोय." मी म्हटलं, "नंतर पकड त्याला."

कपडे पिळलेले तसेच बादलीत राहिले. दुसऱ्या दिवशी सगळे परत धुवावे लागले.

त्यानंतर चार दिवस काही नाही. मग परवा पुन्हा, तो शेजारच्या आजोबांना कुलूप कसं उघडायचं ते तिसऱ्यांदा न कंटाळता समजावत होता तेव्हा. आता मी ते व्हायची वाट बघत बसत नाही, आणि आलं नाही तर छताकडेही बघत नाही.

ते जूनमधलं होतं ना, त्यात तो फारसा नव्हताच. एक हात होता आणि एक वास होता. मला त्याची आत्या माहीत नव्हती, त्याचे विनोद माहीत नव्हते, तो भांडणात भांडी घासतो हे माहीत नव्हतं. आता जे होतं ते याच माणसामुळे होतं, दुसऱ्या कुणामुळे होणार नाही. मागच्यापेक्षा हळू आहे. कमी वेळा आहे. कमी आहे का ते मला सांगता येत नाही, आणि तू तर सांगूच नकोस. उद्या हेही बदलेल. बदलू दे. मी काय एका जून महिन्याशी लग्न करत नाहीये.

आता ताई, तुझं. राग आला तरी वाच.

तू त्या दुपारी केस पुसत म्हणालीस, संपलं. तू तेवीस वर्षांची होतीस, आणि तुला वाटलं हाच निकाल. मला गेले काही दिवस राहून राहून वाटतंय की कदाचित काही संपलं नव्हतं. पाच महिने रोज तोच तलाव, तोच माणूस. तुझं नाक बसलं असेल. तुला कुणी म्हटलंच नाही की जरा खिडकीपाशी जाऊन ये. घरात मोठं कोणीच नव्हतं, तूच मोठी होतीस, आणि पदरात मी होते. मला त्याचं फार वाईट वाटतं. पण तुला झालं तेच मला व्हायला हवं, हे मी मान्य करणार नाही.

एकवीस मार्च, सकाळी अकरा. नोंदणी कार्यालय, चौथा मजला. लिफ्ट आहे, त्यामुळे गुडघ्यांचं कारण चालणार नाही. तीन साक्षीदार लागतात. एक मोठ्या बाई, एक त्याची आत्या. तिसऱ्याची जागा साडेअकरापर्यंत रिकामी ठेवते. त्यानंतर तिथल्या शिपायाला सही करायला सांगेन. हात जोडणार नाही.

आणि तो हात घासून येणार नाही. मी बजावलंय.

धाकटी


२३ मार्च

ताई,

तू जाताना घाईत गेलीस आणि मला काही बोलता आलं नाही, म्हणून पुन्हा पत्रच.

तू विश्वास ठेव, साडेअकरा वाजता मी दाराकडे पाठ करून उभी होते. मोठ्या बाई म्हणाल्या, "अजून पाच मिनिटं थांब." मी म्हटलं नाही. शिपायाने सही केली. छान वळणदार सही होती त्याची. मी हसले, सगळ्यांना पेढ्यांऐवजी साबणाच्या वड्या वाटल्या, आणि दाराकडे एकदाही मान वळवली नाही.

मग खाली यायला निघालो तर लिफ्ट येईना. आम्ही दहा वाजता वर गेलो तेव्हा चालू होती. जिन्याने उतरलो, आणि तळमजल्याच्या बाकावर तू.

पावणेअकरापासून! पर्स मांडीवर, नवी साडी, गुडघ्याला पट्टा. लिफ्ट बंद, चार मजले चढवेना, आणि पर्समध्ये फोन असून केला नाहीस. मीही वर उभी राहून केला नाही. एकाच आईच्या मुली आहोत, दुसरं काय.

मला वाटलं आता तू काहीतरी लागेल असं बोलशील. तू माझ्याकडे बघितलंस आणि म्हणालीस, "लिफ्ट बंद आहे. तुझ्या माणसाला सांग."

तुझ्या माणसाला. तुला कळलं का तू काय म्हणालीस? त्याला कळलं. त्याने "हो ताई" म्हणत बाह्या दुमडल्या, शिपायाकडून हत्यारांची पेटी मागून घेतली आणि लग्नाच्या शर्टात थेट लिफ्टच्या खालच्या खड्ड्यात उतरला. आता वर जाऊन करायचं काय होतं? सह्या झाल्या होत्या. पण बंद लिफ्ट टाकून तो कुठून निघायला.

आपण दोघी बाकावर बसलो. तू माझ्याकडे न बघता विचारलंस, "परत आलं का गं ते?"

मी उत्तर जुळवत होते. मागच्या पत्रात लिहिलं होतं ते सगळं, परत नाही आलं, हे वेगळं आहे, असं काहीतरी शहाणपणाचं. तेवढ्यात तो खड्ड्यातून वर आला. कोपरापर्यंत काळा, कपाळावर एक फराटा, चष्मा तिरका, आणि लिफ्टला म्हणत होता, "आज? आजच सुचलं तुला?" मी हातातला रुमाल त्याला द्यायला उठले आणि मधेच उभी राहिले. किती वेळ, मला नाही माहीत.

"तोंड मिट," तू म्हणालीस.

मग तू हसलीस. ओठ दाबून, दुसरीकडे बघत, पण हसलीस. तेव्हा तुला उत्तर मिळालं असं मी धरते. त्याने हात पुढे केला नाही, काळा होता म्हणून. तूच त्याचं मनगट धरून बाकावरून उठलीस, आणि तुझ्या नव्या साडीला तो डाग पडला. तो धुवायची घाई करू नकोस. आमच्या साबणाने तर नाहीच जाणार, मी खात्रीने सांगते.

आता माझं ऐक. आठ दिवस इकडे राहायला ये. भावोजींना जेवण करता येत नसेल तर शिकतील. फोन करू नकोस, त्यांना काय हवं नको विचारू नकोस. इथे लिफ्ट नाही, पण मी पहिल्याच मजल्यावर राहते. आठ दिवसांनी घरी जा, दारात त्यांच्यासमोर उभी राहा, आणि काय होतं ते मला खरं खरं कळव. काहीच झालं नाही तर तसं कळव. तीनदा लिहू नकोस, एकदाच लिही.

तुझी,
धाकटी